विरोधी मताच्या पाटील सरांना

कोल्हापूर

प्रिय पाटील सर,

काल कॉलेजात तुमची शोकसभा झाली. एका वक्त्यानं तुम्हाला परंपरेचे राखणदार ठरवलं, दुसऱ्यानं पुरोगामी लढवय्ये. दोघांनीही ‘सर आमचेच होते’ असं सांगितलं! मला कुणी बोलायला सांगितलं नाही, म्हणून लिहिते आहे.

सत्तर सालच्या सुमाराची ती बैठक आठवते? तुम्ही इतिहासाचे विभागप्रमुख, मी तुमच्या हाताखाली नवी लेक्चरर. ऐच्छिक पेपर कोणता घ्यायचा हे कॉलेजनं ठरवायचं होतं. मी ‘शेतकरी आणि कामगार चळवळी’ सुचवला. तुम्ही माझी पुस्तकांची यादी वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, ह्यात उलट बोलणारं एक बी पुस्तक न्हाय. ह्यो इतिहास हाय का पक्षाचा प्रचार?”

मी म्हटलं, “आणि आजवर नुसते राजे शिकवले, तो प्रचार नव्हता?”

तुम्ही हसलात. मत मात्र विरोधातच दिलंत आणि हरलात.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘बुरसटलेले सर.’ तुम्ही ते पुसलं नाहीत. म्हणालात, “आज ह्यावरच बोलू. लिवणाऱ्यानं उठावं आणि सिद्ध करावं.” कुरुंदवाडचा एक विद्यार्थी उठला, तासभर तुमच्याशी भांडला. शेवटी तुम्ही त्याला म्हणालात, “निम्मं पटलं. उरलेलं निम्मं उद्या वाचून ये.” शेजारच्या वर्गात माझा तास चालला होता. माझी मुलं माझं सोडून तुमचंच ऐकत होती!

पुढच्या वर्षी संस्थेच्या कार्यालयातून फोन आला. तो पेपर कुणाला तरी बोचत होता. प्राचार्यांनी आपल्या दोघांना बोलावलं, पेपर बंद करायच्या पत्रावर विभागप्रमुखाची सही हवी म्हणाले. मला वाटलं, तुम्ही आनंदानं कराल.

“मी न्हाय करणार.”

“अहो सर, विरोध तर तुम्हीच केला होता!” प्राचार्य म्हणाले.

“व्हय की. अजून हाय. पण पेपर मतानं आलाय. फोनवर जाणार न्हाय. बैठक घ्या, मी परत विरोधात मत देतो.”

बैठक झाली नाही. तुमचं विभागप्रमुखपद गेलं. नव्या प्रमुखांनी सही केली आणि वर्षाच्या शेवटी पेपरही गेला. तुमच्या नकारानं काही वाचलं नाही, हे काल कुणी बोललं नाही. खरं ते खरं.

सही नाकारलीत त्या दिवशी जिना उतरताना मी विचारलं होतं, इतका विरोध होता तर हे कशाला? तेव्हा कुठे तुम्ही सांगितलंत की तुमचे वडील मुरगूडकडच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात तुरुंगात गेले होते. “माझ्या बापाला देव करून पोरांच्या म्होरं ठेवू नका, एवढंच म्हणणं होतं. तो चुकला बी होता.”

हे बैठकीत का नाही बोललात, सर? मी यादी बदलली असती. पण घरचं दुःख पुढे करून मत मिळवणं तुम्हाला हलकं वाटलं असणार. हा हट्ट मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

येत्या सोमवारी अभ्यासक्रमाची बैठक आहे. आता विभागप्रमुख मी आहे. तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलेला मराठेशाहीचा पेपर निम्मा करायचा प्रस्ताव आहे आणि तो माझाच आहे. राग आला? येऊ दे. मी मत त्याच्याच बाजूनं देणार. पण मतदानाआधी तुम्ही जे जे बोलला असतात, ते सगळं मी उभी राहून बोलेन. एक शब्दही पातळ न करता. त्यानंतर मी हरले तरी चालेल.

तुमच्याशी कधीच न पटलेली,
सुलभा