आशाबाईंच्या घरचा प्रसाद

पुष्पांजली,

माझी आई म्हणायची, "सलोमी, जेवताना कोणाले जबरदस्ती करू नको बाई." मी ते विसरली.

मी धाड गावाले ताईकडे जाऊन राह्यली, रविवारी चर्चच्या उपासनेले येईन. वरण गरम करून घे. तुझ्या नवऱ्यावर, राजकुमारवर रुसू नको, त्याले काहीच माहीत नाही.

शेजारच्या आशाबाईंनी पूजेचा प्रसाद दिला, की मी प्रभूचे आभार मानून खाते. तूही प्रभूसाठीच तो खात नाहीस. तरी मी तुले "मोठी भक्तीण आली" म्हणून हिणवलं.

बेटा, काल नाश्त्याले तू आवडीनं खाल्लेला शिरा मी केला नव्हता. तो आशाबाईंच्या पूजेतला होता. मी मुद्दाम वाढला. मले माफ कर.

तुझी सासू