शिंगाड्याच्या तळ्यातलं तेल

२४ जून, मंगळवार

...आणि आईले शेवटपर्यंत पटलंच नाही. फिनाईलचं पाणी गेटसमोरच्या जाळीत ओतत होती. मी अडवलं त म्हणते, "नाली आहे थे, देवघर नाई." पण ती बाथरूमची लाईन नाही ना! फक्त पावसाच्या पाण्याची आहे. मधात साफबिफ काही होत नाही. जे टाकलं थे जसंच्या तसं पुढं जाते.

पुढं म्हणजे कुठं? कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आज स्कूटीवर नालीच्या मागं मागं गेली. आमचं गेट, सलीमचाचाचं गॅरेज, बायपासखालचा पाईप, भातकुली रोडकडचा नाला. मग तळं. संपलं.

तळ्यात कांतामावशी, कमरेइतक्या पाण्यात. दिवाळीच्या टाईमले आमच्या गेटवर उकडलेले शिंगाडे विकते, तीच. पायाच्या अंगठ्यानं वेल चिखलात दाबून राहिली होती. विचारलं, मागच्या साली काहून नाही आली?

"आणू कायचे? या कोपऱ्यातला सारा वेल सडला, माय. पानाखाली काळं तेल. साबणानं हात धुतले तरी जाये नाही. त्या गॅरेजवाल्यानं सोडलं. मी जाऊन चांगली भांडली त्याच्यासंगं."

मी लगेच स्कूटी वळवली. बाकी नंतर लिहिते.

२५ जून

लिहिते. तेल मी टाकलं होतं.

मागच्या जुलैत वैद्य काकूच्या नातवाले डेंग्यू झाला. अकोल्याची माही सख्खी मावशी फोनवर म्हणे, "आमच्या जठारपेठेत गाडीचं जळकं ऑइल टाकतात नालीत. डास खतम." मी लगेच मोहीम काढली. स्लोगन, सारख्या टोप्या, सलीमचाचाच्या गॅरेजातून चार डबे ऑइल. डबा धरलेला माहा फोटो अजून कॉलनी ग्रुपचा डीपी आहे.

दोन दिवसांनी धो-धो पाऊस झाला. सारे म्हणे, वा मयुरी, नाली कशी चकाचक!

२६ जून

कॉलेज बुडवलं. गॅरेजात गेली. चाचा गाडीखाली होते, मी वाकून विचारलं.

"मावशी भांडायले आली तवा माहं नाव काहून नाही सांगितलं?"

"क्या बोलता? मोहल्ले की पोट्टी का नाम लेता? तेल तो मेराच था." मग बाहेर आले, हात पुसत. "पर मैं ना बोला था तेरेको. याद है?"

याद आहे. म्हटले होते, हे ड्रममधी जमा होते, महिन्याले माणूस येऊन घेऊन जाते, नालीत नको टाकू. आणि मी म्हटलं होतं, "चाचा, जरा शिकलेल्या लोकांचं ऐका."

असं बोलली मी. त्यायच्या तोंडावर.

मावशीच्या नवऱ्याची लूना चाचाच नीट करत. आता थो माणूस गॅरेजसमोरून ढकलत पुढं नेते, थांबत नाही.

२९ जून, रविवार

कॉलनीची मीटिंग. देशमुख काका, आमचे सेक्रेटरी, उभे राहून: "येत्या रविवारी ऑइल मोहीम. यंदाही आपल्या मयुरीच्या नेतृत्वात!" टाळ्या.

मी उभी राहिली. तळ्याचं सांगितलं. इंग्लिशमधी घुसली मधातच, नेहमीसारखी. कोणी म्हणे, "मराठीत सांग वं, आमाले झोप येऊन राहिली."

वैद्य काकू मात्र हसल्या नाही. "तुले शिंगाडे दिसतात. माहा नातू आठ दिवस दवाखान्यात होता थे नाही दिसत?"

बरोबर आहे त्यायचं.

घरी आली, भणभण करत. आमचा कुलर बंद करून हप्ता झाला, पाणी टाकीत तसंच. सहज टॉर्च मारला. बाप्पा! नुसती अळ्यायची वळवळ. नालीतलं पाणी त वाहून जाते. डास आमी खिडकीत पाळले होते.

१ जुलै

दोन दिवस घरोघरी कुलर. टाकी रिकामी करा, घासा, पालथी घाला. पाणी झाडाच्या बुडाशी, नालीत नाही. आईनं स्वतःहून फिनाईलची बादली बाथरूममधी रिकामी केली, आणि मले दिसन अशी केली.

देशमुख काका रोडवर शाम्पूनं कार धूत होते. "हा फेस आहे, पोरी, घाण नाही." मी म्हटलं, फेस कुठं जाते थे दाखवू का? म्हणे राहू दे, तू तळ्यापर्यंत नेशील.

वैद्य काकूचा कुलर मागच्या गॅलरीत. अळ्याच अळ्या. नातू तिथंच खेळते. काकूनं त्याले उचलून आत नेलं. मग चहा ठेवला. "रविवारी नको टाकू तेल. पण एकही डास चावला न, तुह्या घरी आणून सोडीन."

६ जुलै, रविवार

मले वाटलं जिंकली.

दुपारी मागच्या गल्लीच्या नालीवर चमक. काळं, जळक्या वासाचं. देशमुख काका डबा घेऊन उभे.

"सेफ्टीसाठी. अर्धाच टाकला."

"आणला कुठून?"

"तुहाच आहे ना. मागच्या सालचा उरलेला. कॉलनीच्या ऑफिसच्या माळ्यावर ठेवला होतास."

माहाच डबा. आणि वर आभाळ पार काळं.

गॅरेजकडं पळाली. चाचानं लाकडाच्या भुश्याचं पोतं खांद्यावर घेतलं, निघाले. नालीत आधी वाळूची पोती आडवी लावली, मग वरून भुसा. भुसा तेल पिते. काळा झाला की फावड्यानं उचलायचा, ड्रममधी टाकायचा. काका पाहत होते, मग पॅन्ट दुमडून उतरले. वैद्य काकूनं घमेलं आणलं. "सेफ्टी!" म्हणत काकाले देत राहिल्या.

साडेचारले पाऊस सुरू झाला. बहुतेक निघालं होतं. बहुतेक. पोत्याच्या बाजूनं एक बारीक रंगीत धार गेली, मी पाहिली.

९ जुलै

तीन दिवस हिंमत नाही झाली. आज गेली.

वेल हिरवा आहे. काठाजवळ थोडी चमक होती, मावशीनं गवताच्या पेंढीनं ओढून काढली म्हणे. माह्या हातात हात घेतला, चिखलाचा. "यंदा वाचलं, माय. तूच समजावलं असशील त्या गॅरेजवाल्याले. शिकलेलं लेकरू बोललं की ऐकतात हे लोक."

तेल मीच टाकलं होतं, थे नाही सांगितलं. स्कूटी काढली, आली.

१० जुलै

चाचाले सांगितलं. म्हणे, "रहने दे. फसल निकल जाने दे. अभी उसको बोलेगी तो तेरे पे भरोसा जाएगा, फिर कल कुछ हुआ तो किसको बतायेगी वो?" बोलतच होते त बाहेरून मावशीचा नवरा गेला. लूना ढकलत. चाचानं पाना हातात घेतला होता, परत खाली ठेवला.

ही पानं कॉलनीच्या ग्रुपवर टाकून राहिली. डीपी बदलवला आहे. डबा कोणाच्या हातात होता थे तुमाले साऱ्यायले माहीत आहे, फक्त मावशीले माहीत नाही. आता तुमीच सांगा: शिंगाडे निघेपर्यंत थांबू, का उद्याच जाऊन चाचाचं नाव साफ करू?