पायरीवरच्या चपला

गुरुवार, संध्याकाळ, सायखेडा

घसा अजून जळतोय. एवढ्या सभा गाजवणारा मी, काल भर चौकात माझं कुणी ऐकलं नाही.

टोमॅटो भरलेला आमच्याच गावचा ट्रक उभा होता. मागून एक मोटरसायकलवाला येऊन धडकला. उभ्या ट्रकला! तरी गावच्या पोरांनी वामन ड्रायव्हरलाच खाली ओढला. केबिनमध्ये देव आहे म्हणून तो चपला पायरीवर काढून बसायचा. अनवाणीच तुडवला त्याला. मी ओरडलो, "अरे, त्याची काय चूक?"

"आप्पा, तुम्ही बाजूला व्हा!"

रक्त थुंकत वामन म्हणाला, "आप्पा, आता स्टेअरिंगला हात लावनार नाय." तसाच अनवाणी एसटीत चढला.

आज त्याला मारणारेच दोघे दारात आले. "आप्पा, ट्रकातला आमचा माल सडतोय, मुंबईचा व्यापारी बोंबलतोय. दुसरा ड्रायव्हर बघा ना. कोनी यायलाच तयार नाय."

का तयार नाही, हे मी सांगायला हवं? वामनच्या चपला मी उचलून आणल्या होत्या. त्यांच्यापुढे आपटल्या. "घाला, आणि चढा!"

कुणी हात लावला नाही.

चपला दारातच आहेत. उद्या कुणी ड्रायव्हर मागायला आला, तर याच चपला त्याच्या तोंडावर हाणीन.