मेंदी कापायचं हलकं मशीन

सिस्टर, तुम्हाला मातीआड होऊन इतकी वर्षं झाली आणि मी, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई, तुम्हाला मेंदी कापायच्या मशीनबद्दल लिहिते आहे. हसू नका. अंबाजोगाईत या विषयावर माझ्याशी बोलायला सध्या कुणी तयार नाही.

माझ्या घराच्या एका बाजूला भिंत नाही, नुसतं मेंदीचं कुंपण आहे. पलीकडे तालुक्यातले एक पुढारी राहतात. सगळे त्यांना साहेब म्हणतात, मी म्हणत नाही. शेतात जे केलं तेच त्यांनी इथं चालवलं आहे. आमच्याकडे बांध कोरतात, सिस्टर. दर नांगरटीला शेजाऱ्याच्या बांधाची थोडी कड आपल्या रानात ओढायची. भांडण नाही, आवाज नाही. काही वर्षांनी बांधच उरत नाही आणि हद्द कुठे होती हे कोरणाराच सांगतो. इथं नांगर चालत नाही, म्हणून त्यांचा माणूस पेट्रोलचं मोठं मशीन आणतो आणि त्यांच्या बाजूने मेंदी आत आत कापत येतो. झुडूप वाळलं की उपटतात, आणि त्यांच्या तारेच्या कुंपणाचा खांब तेवढा अलीकडे सरकतो. मोजणीवाले येतो म्हणतात, येत नाहीत. माझा माळी एक दिवस कातर न घेताच आला. तिकडून नको म्हटलंय, मला लेकरंबाळं आहेत, एवढंच बोलला आणि चहा तसाच ठेवून गेला.

मग मीच मेंदीपाशी उभी राहून पुढाऱ्यांना जाब विचारला. त्यांनी हात जोडले. "बाई, तुमी या वयात काहून तरास करून घेता? मेंदीत साप ऱ्हातेत. समदी काढून टाकतो आमी, तुमाला कळणार बी न्हाई." साप असतील, मी म्हणाले, पण ते आधी नमस्कार करत नाहीत. ते मनापासून हसले. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा तुमची आठवण आली. मी तुमच्या कॉन्व्हेंट शाळेत आठवीत आहे. वर्गात उलट उत्तर दिलं म्हणून तुम्ही मला वसतिगृहामागची मेंदी कापायला लावली आहे आणि मी सगळा राग तिच्या शेंड्यावर काढते आहे. तुम्ही मागून येता, माझ्या हातातली कातर काढून घेता आणि तुमच्या त्या मल्याळी वळणाच्या मराठीत म्हणता, "झाडावर राग नाही. वर कमी ठेव, खाली जास्त ठेव. खाली ऊन नाही, तर खाली मरते." आज माझ्या मेंदीचा तळ मेला आहे. माथा पलीकडून माझ्या अंगावर झुकवलाय, खाली नुसत्या काड्या. त्या काड्यांतून संध्याकाळी मला पलीकडचे बूट दिसतात. चालत नाहीत, माझ्याकडे टोक करून उभे असतात. माझ्या बाजूने नीट, वरचेवर छाटली तर नवे फुटवे येतील आणि तळ भरेल, हे मला कळतं. पण कातर चालवायला खांदा साथ देत नाही.

म्हणून औजारांच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी पेट्रोलचं धूड पुढे केलं आणि त्याचे गुण सांगू लागला. मी म्हटलं, हात लांब करून धरा आणि मग सांगा. दुसऱ्या गुणालाच त्याने ते खाली ठेवलं. वायरचं हलकं होतं, पण आपल्याच हाताने वायर कापायची भीती, शिवाय आमची वीज. शेवटी बॅटरीचं घेतलं, हातभर पात्याचं. लांब पातं छोट्या मेंदीला लागतच नाही, उगाच पुढून जड होतं. याची बॅटरी मुठीमागे आहे, त्यामुळे तोंड खाली झुकत नाही. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय सुरू होत नाही, हेही मला पटलं. पैसे देताना त्याने घर कुठे ते विचारलं. सांगितल्यावर तो जरा वेळ मशीनचं खोकं पुसत राहिला. "मॅडम, इथून नेलं म्हणून कुठं बोलू नका," म्हणाला.

मशीन चांगलं आहे, सिस्टर. पहिल्या दिवशी थकवा आला नाही. खाली रुंद, वर अरुंद, तुम्ही दाखवलं तसं कापलं. दुसऱ्या दिवशी मी सुरू केलं आणि पलीकडचं पेट्रोलचंही सुरू झालं. मी थांबले, तेही थांबलं. तेव्हापासून रोज असंच. मी जिथे कापते तिथेच, पानांच्या पलीकडे, कुणीतरी कापत असतं. चेहरा दिसत नाही.

हे पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकलं तर एखादी नवी सिस्टर उघडेल आणि म्हातारीला भ्रम झाला म्हणेल. ते कपाटातच राहील. तुम्हाला मात्र खरं सांगते. काल पानांच्या आत दोन्हीकडची पाती एकमेकांना घासली. माझ्या मनगटापर्यंत हादरा आला. पलीकडचं थांबलं नाही, तसंच पुढे येत राहिलं. मोलकरणीला मी सांगितलं की बॅटरी संपली म्हणून आत आले. बॅटरी संपली नव्हती. मी मागे सरले.