मधोमध सासूबाई

राळेगाव, रविवार, दिवेलागण

व्हिसाच्या वकिलानं आज पुन्हा टोकलं. लग्न खरं आहे हे दाखवाले नवरा-बायको दोघंच असतील असे फोटो पाठवा म्हणे. कुठून आणू? लग्नापासून प्रत्येक फोटोत आमच्या मधोमध सासूबाई! मले तर हसूच आवरेना.

त्या फणकारल्या, "माहा पोरगा, माही सून. मंग मी कुठं उभी राहू?"

तेही खरंच.

मघाशी ह्यांचा कॅनडातून व्हिडिओ कॉल आला. मी लॅपटॉप गालाशी धरला. सासूबाई आपणहून बाजूला सरकल्या, मोबाईल घेतला. "मीच काढतो फोटो. तू गेल्यावर मले हाच पाहा लागन."

फोटो पाहिला. आम्ही दोघं, अन् बरोबर मधोमध त्यांचं बोट.

दुसरा काढू म्हणाल्या. काहून? हाच पाठवला वकिलाले. त्यात खोटं काय आहे?