हयात नसल्याची साक्ष

अहो,

चष्म्याचं दुकान अजून तुमच्याच नावावर आहे. गिऱ्हाईक मी सांभाळते, काचा मी घासते, पण भाडेकरार नवा करायचा तर जागामालकाला सही तुमची हवी. तुम्ही तर गेलात ते गेलातच.

वकीलबाई म्हणाल्या, "सात वर्षं त्यांची काहीच खबर नाही असं शपथेवर सांगा. कोर्ट त्यांना मृत धरेल, मग दुकान तुमच्या नावावर होईल. मधे एखादा फोन, निरोप?"

मी तोंड उघडायच्या आत आपली लेक म्हणाली, "काहीच नाही."

तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आलेला फोन तिनेच स्पीकरवर घेतला होता. पलीकडून शब्द नाही. नुसतं खाकरणं, दोनदा बारीक, मग एकदा मोठ्याने. आम्ही दोघींनी लगेच ओळखलं.

मोठे शहाणे! आशीर्वाद द्यायला तोंड नव्हतं, तर खाकरायला कुठून आलं?

हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी टाकलं नसतं. तुमचं उत्तर आलं, तर दुकान हातचं जाईल.

उद्या मी शपथ घेणार आहे. घशाचं तेवढं कुणाला तरी दाखवा.

तोवर तुमचीच,
बायको