मडगार्डावरचा पोचा

ता. ९ जाने. ३६
हसनचाचा दुकानात आले, चाचींच्या खांद्यावर हात ठेवून. सटाणा लाइनीवर मोटार चालवायचे; आता दोन्ही डोळे गेले. रुमालात त्यांची छोटी मोटार. दिसत होतं तेव्हा घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून स्वतः केलेली, हुबेहूब त्यांचीच गाडी, वीतभर लांब. पुढचं डावं चाक व एक दिवा तुटून हरवलाय. म्हणाले, "चाक न दिवा, बस. बाकी जशी हाय तशी ऱ्हाऊ दे, बेटा." हो म्हटलं. सौ. म्हणते, आता दुरुस्तीला आलेल्या पातेल्यांना कुणी वाली नाही.

ता. १२
चाक झालं. उरलेल्या चाकाचं माप घेऊन पितळेचं कापलं, आरे कानशीने. पहिलं मोठं झालं, गाडी लंगडी दिसायला लागली, टाकून दिलं. दिव्याला हरभऱ्याएवढी वाटी ठोकली. काच म्हणून सौ.ने काल वाढवलेल्या बांगडीचा तुकडा. स्वतःवर बेहद्द खूष.

ता. १३
मोटार पुरी. डाग देऊन चाक जोडताना उजव्या मडगार्डावर पोचा दिसला. खरवईच्या लोखंडी टोकावर धरला, ठोकून काढला, वरून रंगाचा हात. आम्ही तांबट. पोचा दिसला की हात थांबत नाही. पोचा घेऊन भांडं दुकानाबाहेर गेलं तर वडील जेवत नसत.

ता. १४
चाचा न्यायला आले. चाक फिरवून हसले. दिव्यावर नख वाजवलं. मग अंगठा उजव्या मडगार्डावर गेला न तिथंच फिरत राहिला.
"ही माझी गाडी न्हाय. बदलली कुणी?"
चाची म्हणाल्या, "तुमचीच हाय. मी बघते ना."
मग चाचांनीच सांगितलं. चांदवडच्या घाटात ब्रेक गेला, तेव्हा गाडी डोंगराला घासत नेऊन थांबवली. एकाही पॅसेंजरला खरचटलं नाही. मालक मडगार्ड बदलायला निघाला, यांनी बदलू दिलं नाही. छोट्या गाडीवर तोच पोचा मुद्दाम पाडला. रोज त्यावर अंगठा ठेवून बसतात म्हणे.
मी काय बोलावं? "पत्रा तापला की पोचा कधी आपोआप निघतो, चाचा. ठेवून जा, बघतो." ज्याने तो पत्रा स्वतः कापलाय त्या माणसाला हे सांगितलं. गाडी ठेवून ते गेले. लाज वाटते. जेवण गेलं नाही.

ता. १६
पोचा पाडायला बसलो. जन्मभर काढले, पाडू कसा? कडेपासून किती आत होता, किती खोल, काही आठवत नाही. काढताना नीट पाहिलाच नव्हता. डब्याच्या तुकड्यांवर ठोकून पाहतोय. एक खड्डा होतो, एक नुसता ओरखडा. सौ. म्हणाली, "खरं सांगून मोकळे व्हा. ते काय मारणार आहेत?"
मारलं असतं तर बरं झालं असतं.

ता. १८
पाडला एकदाचा. बरा वाटतो. म्हणजे, मला बरा वाटतो. त्याला काय अर्थ.

ता. १९
गाडी घेऊन कथड्यात त्यांच्या घरी गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून. चाची चहा टाकायला आत गेल्या. गाडी त्यांच्या हातात दिली न म्हटलं, "चाचा, तो पोचा..."
"हां, हाच. बराबर हाय," ते म्हणाले.
अंगठा अजून बॉनेटवरच होता. मडगार्डाकडे नेलाच नाही त्यांनी. गाडी रुमालात गुंडाळून बाजूला ठेवली. दिव्याचं कौतुक केलं, घरची चौकशी केली.
तेव्हा तरी बोलायला हवं होतं. चहा प्यालो, छान झालाय म्हटलं, न उठलो.
घरी सौ.ने विचारलं, "सांगितलंत?"
हो म्हटलं.
उद्या पुन्हा जाऊन...